हाताचं काम आवाजाकडे

ऑगस्ट २०१७मध्ये गूगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत एकदम आठ भारतीय भाषा घातल्या. मराठी त्यांतली एक. तेव्हापासून मोबाइलच्या कळफलकावरचं माइकचं चित्र दाबायचं, बोलायचं आणि देवनागरी अक्षरं उमटताना बघायची, हे आपल्याकडे सर्रास झालं. ज्यांना टाइप करायचा कंटाळा होता त्यांची सोय झाली, ज्यांना जोडाक्षरं सापडत नव्हती त्यांचीही झाली. हे पुस्तक त्यांच्यासाठी नाही. ज्यांना टाइप करताच येत नाही त्यांच्यासाठी आहे. मणक्याला मार लागून ज्यांचं मानेखालचं शरीर ऐकेनासं झालं, मळणीयंत्रात ज्यांची बोटं गेली, सिकलसेलमधून आलेल्या पक्षाघाताने ज्यांचा हात लुळा पडला, ज्यांचा कुष्ठरोग कधीच बरा झाला पण आखडलेली बोटं तशीच राहिली, सेरेब्रल पाल्सीमुळे हव्या त्या कळीपाशी पोचेपर्यंत ज्यांच्याकडून नको त्या कळा दाबल्या जातात, अशांसाठी. पहिल्या गटाचा या तंत्राने वेळ वाचतो. दुसऱ्या गटाला ते काय देतं आणि कुठे हात टेकतं, याचा हिशेब मराठीत नीट मांडलेला माझ्या पाहण्यात आला नाही, म्हणून हा खटाटोप.

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत तहसील कचेरीच्या आसपास अर्ज लिहून देण्यात आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्यात माझी उमेद गेली. त्यामुळे या तंत्राकडे मी पाहिलं ते अर्जाच्या बाजूने. मानेखाली जायबंदी झालेल्या एका तरुण शेतकऱ्याने नुकसानीचा अर्ज आपला आपण लिहायचा म्हणून फोन उशीपाशी उभा करून घेतला आणि सांगितलं, "माझ्या धानाच्या बांधीत मामा तलावाचं पाणी शिरून परहे सडले, रोवणी पुन्हा करावी लागली." फोनवर उमटलं ते असं: "माझ्या दानाच्या बाधित मामा तलावाचं पाणी शिरून पर हे सडले रोहिणी पुन्हा करावी लागली." बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, परहे म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली रोपं, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. आमच्याकडे शाळकरी पोरालाही हे सांगावं लागत नाही. फोनला त्यातला मामा तेवढा ओळखीचा निघाला.

हात चालणाऱ्या माणसाला या चार चुका म्हणजे अर्ध्या मिनिटाचं काम. या तरुणाने पूर्ण वाक्य पुन्हा म्हटलं, तेव्हा 'धान' बरोबर आलं आणि 'सडले'चं 'चढले' झालं. तिसऱ्यांदा त्याने शब्द तोडून तोडून म्हटले, तर प्रत्येक थांब्याला माइक बंद पडू लागला. शेवटी त्याने भावाला हाक मारली. भावाने बोटाने चार ठिकाणी टेकवून शब्द सुधारले, आणि सुधारता सुधारता आपल्या मनाने एक वाक्यही घातलं.

बोललेलं उमटवणं ही या तंत्राची निम्मी बाजू. उमटलेलं चुकलं तर ते हात न लावता सुधारता येणं ही दुसरी. धडधाकट माणसाला दुसरी बाजू दिसतसुद्धा नाही, कारण त्याची बोटं ती गुपचूप सांभाळून घेतात. जाहिरातीत शंभरातले किती शब्द बरोबर येतात ते सांगतात. उरलेल्या शब्दांचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. अपंग माणसाचं सगळं अडतं ते या उरलेल्या शब्दांवर. म्हणून या पुस्तकात प्रत्येक साधनाला मी एकच प्रश्न विचारला आहे: माइक सुरू करण्यापासून मजकूर पाठवेपर्यंत मधे दुसऱ्याचा हात कितीदा लागतो?

या तंत्राचा जन्म अपंगांच्या गरजेतून झालेला नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५२मध्ये 'ऑड्री' नावाचं यंत्र तयार झालं. ते शून्य ते नऊ आकडे ओळखायचं, तेही ज्याच्या आवाजाशी जुळवून घेतलं त्याचेच. आयबीएमने १९६२च्या सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनात 'शूबॉक्स' मांडला, त्याची मजल सोळा शब्दांपर्यंत होती. पुढे १९६९मध्ये खुद्द बेल प्रयोगशाळेतल्या जॉन पीअर्स यांनीच या सगळ्या खटाटोपाच्या शास्त्रीयतेवर जाहीर शंका घेतली आणि तिथलं काम काही काळ थंडावलं. १९७१मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पाच वर्षांसाठी पैसा ओतला, त्यातून कार्नेगी मेलन विद्यापीठात हजारभर शब्द समजणारी 'हार्पी' ही प्रणाली उभी राहिली. तिथल्या या सगळ्या संशोधनामागे होते राज रेड्डी. ते मूळचे आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यातल्या कटूर या खेड्यातले. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार त्यांना १९९४मध्ये मिळाला.

या काळात दोन विचार समोरासमोर होते. एका बाजूचं म्हणणं असं, की भाषा कशी चालते, कोणत्या ध्वनीनंतर कोणता येतो, व्याकरण काय म्हणतं, हे सगळं आधी यंत्राला नियम करून शिकवावं. दुसरी बाजू म्हणे, नियम राहू द्या. भरपूर बोलणं आणि त्याचं लिहिलेलं रूप यंत्रापुढे ठेवा, कशानंतर काय येण्याचा संभव किती, हे त्याचं ते मोजेल. आयबीएममध्ये फ्रेड जेलिनेक आणि कार्नेगी मेलनमध्ये रेड्डींचे विद्यार्थी जेम्स बेकर या दुसऱ्या वाटेने गेले, आणि अखेर तीच वाट रुळली. २०१०नंतर संभाव्यतेच्या जुन्या गणिताची जागा खोल न्यूरल जाळ्यांनी घेतली, चुका झपाट्याने कमी झाल्या. पण भरपूर बोलणं ऐकवा, हे मूळ तत्त्व तेच राहिलं. त्याची दुसरी बाजू उघड आहे. ज्याचं बोलणं ऐकवलं गेलं नाही, त्याचं यंत्राला कळत नाही. पुढे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे सापडेल.

अपंगांच्या हाती हे तंत्र खऱ्या अर्थाने आलं ते बेकर पतिपत्नींच्या कंपनीमुळे. जेम्स आणि जॅनेट बेकर यांनी १९८२मध्ये ड्रॅगन सिस्टिम्स काढली, १९९०मध्ये 'ड्रॅगन डिक्टेट' बाजारात आलं. किंमत नऊ हजार डॉलर. प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागे, त्या तुटक बोलण्याने अनेकांचा घसा बसायचा. तरी हात गमावलेल्या लोकांनी ते धरून ठेवलं, आणि त्याला कारण होतं. ते एका माणसाच्या आवाजाशी जुळवून घ्यायचं. तुम्ही 'श'चा 'स' करत असाल तर ते तुमचा 'स' शिकायचं. शिवाय शब्द चुकला की पर्यायांची क्रमांक घातलेली यादी समोर यायची, क्रमांक म्हटला की शब्द बदलायचा. दुरुस्ती त्या प्रणालीच्या पोटातच होती. १९९७मध्ये अखंड बोललेलं समजणारं 'नॅचरली स्पीकिंग' आलं तेव्हा वकील, डॉक्टर मंडळी खूश झाली. पण पूर्ण संगणक आवाजावर चालवणारे अनेक जण जुन्यालाच चिकटून राहिले. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. पुढे सर्वांचा आवाज पहिल्या दिवसापासून समजणारी यंत्रं आली ती सरासरी माणसासाठी. सरासरीत न बसणाऱ्याची त्यात जी हानी झाली, तिची नोंद विक्रीच्या आकड्यांत होत नाही.

ड्रॅगनची पुढची कथा थोडक्यात सांगून टाकतो, कारण ती या क्षेत्राची जोखीम दाखवते. २००० साली ती कंपनी एका बेल्जियन कंपनीने घेतली, ती लवकरच बुडाली, तंत्र दुसऱ्या कंपनीकडे गेलं, तिचं नाव बदलून न्युआन्स झालं, आणि २०२२मध्ये न्युआन्स मायक्रोसॉफ्टच्या पोटात गेली. मधे २०१८मध्ये ॲपलच्या संगणकांवरचं ड्रॅगन बंद करण्यात आलं. ज्यांचं सगळं लिहिणं त्यावर होतं त्यांना एका घोषणेने नवा हात शोधायला लावला. मराठीपर्यंत तर ते कधी आलंच नाही.

आज या क्षेत्रात दोन शाखा आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. एक श्रुतलेखनाची: बोला, मजकूर उमटेल. दुसरी आज्ञेची: बोला, यंत्र हलेल, खिडकी उघडेल, पान खाली सरकेल, बटण दाबलं जाईल. गूगलचं 'व्हॉइस ॲक्सेस' २०१८मध्ये आणि ॲपलचं 'व्हॉइस कंट्रोल' २०१९मध्ये आलं, ती दुसऱ्या शाखेची. विंडोज ११मध्येही त्याच जातीची सोय आहे. यांची मुख्य युक्ती साधी आहे: पडद्यावर दाबण्याजोग्या प्रत्येक जागेवर क्रमांक येतो, तुम्ही 'सात' म्हटलं की सातवं दाबलं जातं. जिथे क्रमांक चालत नाही तिथे पडद्यावर चौकटी पडतात. हात पूर्ण गेलेल्या माणसाला ही शाखा पहिलीपेक्षा जास्त उपयोगी आहे. मराठीचं दुर्दैव असं, की पहिली शाखा मराठीत आली आणि दुसरी इंग्रजीतूनच सुरू झाली. आज्ञेचे शब्द पाठ करणं कठीण नाही; क्लच आणि गिअर शिकलेल्या माणसाला 'स्क्रोल डाउन' काय जड आहे? अडचण होते ती दोन भाषांमधल्या उड्यांची. मजकूर मराठीत सांगता सांगता 'सिलेक्ट दॅट' म्हटलं तर फोन इमानेइतबारे 'सिलेक्ट दॅट' ही अक्षरंच देवनागरीत लिहून ठेवतो. अनेकदा 'पूर्णविराम' म्हटल्यावर तो शब्द उमटतो, टिंब नाही.

एक गोष्ट मला राहून राहून खटकते. मराठी शाळेत पोरं शब्द सांगताना म्हणतात, ब ला काना, वर अनुस्वार, ध ला दुसरी वेलांटी. पिढ्यान् पिढ्या घोटलेली, तोंडी दुरुस्तीसाठी जणू बसवून ठेवलेली ही पद्धत. ती समजणारी मराठी प्रणाली मला अजून मिळालेली नाही. इंग्रजी आज्ञाप्रणालीत अक्षरं एकेक सांगण्याची सोय पहिल्यापासून आहे, कारण तिथे त्या लोकांची ती सवय होती. आमच्या तरुण शेतकऱ्याला 'बाधित'चं 'बांधीत' करायला एवढंच पुरलं असतं. हे काही मोठं संशोधन नाही. मराठी शाळेत बसलेल्या कुणाला तरी विचारावं लागेल, एवढंच.

भारतीय भाषांत काम झालं नाही असं मुळीच नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. व्ही. एस. राव यांच्या गटाने हिंदी बोलणं ओळखण्यावर पूर्वीच काम केलं होतं. पुण्याच्या सी-डॅकचं 'श्रुतलेखन' हिंदीसाठी आलं. पुढे केंद्र सरकारच्या निधीतून शेतमालाचे बाजारभाव फोनवर बोलून विचारता यावेत म्हणून सहा भाषांत एक प्रकल्प झाला. त्यातली मराठी टाटा संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्याकडे होती, आणि त्यासाठी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचे आवाज त्यांच्या साध्या मोबाइलवरून, त्यांच्या भोवतालच्या गोंगाटासकट गोळा केले गेले. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ आवाजाऐवजी बाजारातला आवाज घ्यावा, ही दृष्टी मला आजही मोलाची वाटते. २०२२मध्ये केंद्राचा 'भाषिणी' उपक्रम सुरू झाला. आयआयटी मद्रासमधल्या एआयफॉरभारत गटाने मराठीसह अनेक भाषांची खुली प्रारूपं दिली. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने जिल्हावार आवाज गोळा करायला घेतले. त्याच वर्षी ओपनएआयने ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनीवर शिकवलेलं 'व्हिस्पर' खुलं केलं, त्यालाही मराठी थोडीफार येते. आज मराठी श्रुतलेखन दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत कितीतरी चांगलं आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. मात्र या बहुतेक प्रकल्पांची रचना शेतकरी, ग्राहक, अनुवादक डोळ्यांपुढे ठेवून झाली आहे. अपंगांचा उल्लेख असतो, प्रस्तावाच्या शेवटच्या परिच्छेदात.

साकोलीत बसून हा विषय लिहिताना बोलीचा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी इथेच राहून झाडीबोलीचा अभ्यास उभा केला, तिचे शब्द जमवले, तिचं व्याकरण मांडलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या या बोलीत 'ण'चा 'न' होतो, 'श'चा 'स', 'ळ'चा 'र'. डोरा, पानी, सेत. बोलणाऱ्याच्या जिभेत काही दोष नाही. यंत्राच्या कानात मात्र पुण्यामुंबईचा, दूरचित्रवाणीचा नमुना बसलेला. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच बड्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या बोलणाऱ्यांचे सरासरी शंभरातले १९ शब्द चुकत होते आणि कृष्णवर्णीयांचे ३५. भाषा एकच, इंग्रजी. धडधाकट झाडीबोलीवाला यावर उपाय करतो, फोनशी बोलताना 'शुद्ध' बोलतो किंवा सरळ टाइप करतो. ज्याला टाइप करता येत नाही त्याला आपलीच बोली बदलावी लागते, आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर पडून. मी काहींना तसं करताना पाहिलं आहे. आईशी एका भाषेत बोलतात आणि उशीपाशी ठेवलेल्या फोनशी दुसऱ्या.

यापेक्षा कठीण बाजू बोलणंच अस्पष्ट असणाऱ्यांची. सेरेब्रल पाल्सी, पक्षाघात, पार्किन्सन, डोक्याला मार, चेतापेशींचे आजार. यांत हात आणि जीभ बरेचदा एकदमच जातात. म्हणजे ज्यांना हे तंत्र सर्वांत जास्त हवं, त्यांचं बोलणं त्याला सर्वांत कमी कळतं. यातही फरक करावा लागतो. शब्द मनात तयार आहे पण जीभ वळत नाही, अशा माणसाला यंत्र निदान तत्त्वतः मदत करू शकतं, कारण त्याच्या उच्चारात एक सातत्य असतं; घरच्यांना ते कळतं, म्हणजे यंत्रालाही शिकवता येईल. पण पक्षाघाताने शब्दच हरवला असेल, 'पाणी' म्हणायचं तर 'दार' तोंडात येत असेल, तर तिथे श्रुतलेखन निरुपयोगी आहे. तिथे चित्रांच्या पाट्या आणि वाचाउपचार लागतात. दुकानदार हा फरक सांगत नाही, आणि घरचे आशेने महागडा फोन घेऊन बसतात. गूगलने २०१९मध्ये 'युफोनिया' या नावाने अस्पष्ट बोलणाऱ्यांचे आवाज गोळा करायला सुरुवात केली. इलिनॉय विद्यापीठाने २०२२मध्ये पाच मोठ्या कंपन्यांना एकत्र घेऊन तसाच उपक्रम सुरू केला. ॲपलने २०२४मध्ये आयफोनवर वेगळ्या उच्चारांसाठी सोय दिली, शिवाय माणसाने आपला स्वतःचा एखादा उच्चार फोनला शिकवून त्यावर काम नेमून द्यायची युक्ती आणली. तोंडाने 'टॉक्' किंवा 'प्प' असा नुसता आवाज करून यंत्र चालवण्याच्याही सोयी आहेत, आणि ज्याचे शब्द अस्पष्ट आहेत त्याच्यासाठी दोनचार पक्के आवाज कधीकधी शंभर शब्दांपेक्षा भरवशाचे ठरतात. हे काम मुख्यतः इंग्रजीत झालं आहे. आपल्याकडच्या विशेष शाळांत आणि पुनर्वसन केंद्रांत अशा बोलणाऱ्यांचे आवाज रोज उमटतात. ते रीतसर परवानगीने, त्यांच्या अटींवर जमवणं कुणी मनावर घेतलं तर मराठीलाही सुरुवात करता येईल.

अंधांचा प्रश्न वेगळा आहे. यंत्राने वाचून दाखवणं आणि यंत्राने ऐकून लिहिणं या दोन गोष्टी लोक एकच समजतात. अंध माणूस कळफलक पाठ करून उत्तम टाइप करतो, त्याला आधी लागतो तो पडदावाचक. सपाट काचेच्या फोनवर मात्र बोलून लिहिणं त्यालाही सोयीचं. तिथे मराठीची एक खास फसगत होते. 'दिन' आणि 'दीन' यंत्राच्या आवाजात एकसारखे ऐकू येतात, त्यामुळे चूक झाली हेच कळत नाही. अक्षर अक्षर ऐकत जावं लागतं. बहिऱ्यांना तर हे तंत्र उलट्या दिशेने उपयोगी पडतं, बोलणारा दुसराच असतो आणि वाचणारे ते. गूगलने २०१९मध्ये आणलेल्या 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब'ने बँकेच्या खिडकीशी उभ्या बहिऱ्या माणसाची खरोखर सोय केली आहे. खिडकीपलीकडचा माणूस फोनजवळ वाकून बोलायला तयार असला, तर.

आता त्या मुद्द्याकडे येतो ज्यावर तंत्राच्या पुस्तकांत सहसा दोन ओळी असतात आणि या पुस्तकात बरीच पानं आहेत. आवाज भिंतीला थांबत नाही. आमच्याकडच्या घरात खाट ओसरीत किंवा मधल्या खोलीत असते, दार उघडं असतं, येणारा-जाणारा बसतो. जे टाइप करता येतं ते मुकाट्याने लिहिता येतं. जे बोलून लिहायचं ते सगळ्यांनी ऐकायचं. ओटीपी, खात्यातली शिल्लक, डॉक्टरला सांगायची गोष्ट, मैत्रिणीला लिहायचं पत्र, आणि ज्याच्या हातून जेवण घ्यायचं त्याच्याचविरुद्धची तक्रार. २०२३मध्ये बोलून पैसे पाठवण्याची 'हॅलो यूपीआय' सोय जाहीर झाली, पण तेव्हा पिन बोटानेच टाकायचा होता. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्य आहे, आणि हात नसलेल्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की शेवटच्या पायरीवर त्याचा पिन कुणाला तरी माहीत असणार. फॉर्म भरायला माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी अपंगांनी आपले पिन मला न विचारता सांगितले आहेत. सवयच झालेली. स्वावलंबनाची भाषा करणाऱ्यांनी ही सवय कशी पडली ते पाहावं.

हे सगळं आता मांडायचं कारण कायद्यातही आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून २१वर नेले, सिकलसेल त्यांतला एक, आणि विदर्भात त्याचं मोल वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार खटल्यात, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या परीक्षार्थीला लेखनिक नाकारता येणार नाही असं सांगितलं. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला नसला तरीही. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतूडी खटल्यात सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीचे असून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत, असा निकाल आला. एप्रिल २०२५मध्ये प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या स्त्रीला बँक पापण्या मिटून दाखवायला सांगत होती, त्यातून तो खटला उभा राहिला. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला. हक्क कागदावर आला आहे. तो मागायला जाताना नेमकं काय मागायचं, हे मागणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. 'मला बोलून लिहिण्याची सोय द्या' एवढं म्हटलं तर परीक्षा केंद्र एक फोन पुढे करेल आणि दुरुस्तीच्या वेळी हात वर करेल. वेगळी खोली, दुरुस्तीसाठी वाढीव वेळ, आदल्या दिवशी त्याच यंत्रावर सराव, आवाज जुळवायची संधी, हे सगळं मागावं लागेल. लेखनिकाला पर्याय म्हणून हे तंत्र सक्तीने पुढे करण्याचा मोह यंत्रणेला होईल. त्यालाही नकार द्यायला शिकावं लागेल. चांगला लेखनिक आजही बहुतेक मराठी श्रुतलेखनापेक्षा सरस आहे. निवड परीक्षार्थीची असली म्हणजे झालं.

पुस्तकाची मांडणी यंत्रांच्या नावांप्रमाणे केलेली नाही, कारण ती नावं छपाई होईतो जुनी होतात. शरीराकडे आज काय शाबूत आहे इथून सुरुवात केली आहे: स्पष्ट आवाज, अस्पष्ट पण सातत्याचा आवाज, नुसता श्वास आणि दोनचार ध्वनी, एक हलणारं बोट, फिरणारी मान. वरोऱ्याचं आनंदवन पाहिलेल्या वैदर्भीय वाचकाला ही रीत नवी वाटू नये. तिथे कुष्ठरुग्णांच्या उरलेल्या बोटांना जमेल असं काम बसवलं गेलं. नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' वाचलेल्यांना चाकाच्या खुर्चीतलं आयुष्य मराठीत आधीच भेटलं आहे. इथे त्या जोडीला लिहिण्याची बाजू आहे. आवाज एकटा क्वचितच पुरतो, त्याला मानेचा किंवा बोटाचा एखादा जोड लागतो, हे अनुभवाने कळलं, म्हणून निव्वळ आवाजाचं पुस्तक लिहायला बसलो ते थोडं पसरलं. उदाहरणं जिथे जमली तिथे आमच्या भागातली घेतली आहेत: सातबारा, फेरफार, धानाचा बोनस, यूडीआयडी कार्ड, शिष्यवृत्ती. कोल्हापूरच्या वाचकाने बांधीच्या जागी उसाचं शेत घालून सराव करावा. घरच्यांसाठी एक भाग वेगळा आहे, आणि त्यात मुख्यतः काय करू नये ते आहे: बोलणाऱ्याच्या आधी वाक्य पूर्ण करू नका, न विचारता दुरुस्ती करू नका.

बोलणारं घर, आवाजावर लागणारे दिवेपंखे यांना इथे जागा दिली नाही. त्यांवर माहिती भरपूर मिळते. वैद्यकीय सल्लाही नाही. दिवसभर बोलून काम करणाऱ्याचा घसा बसतो, श्वास कमी असणाऱ्याचा तर लवकर, तेव्हा वाचाउपचारतज्ज्ञाला एकदा दाखवून घ्यावं.

वाचायला कुठून सुरुवात करावी हे विचारणाऱ्यांना माझं सांगणं असं: दुरुस्तीचं प्रकरण आधी वाचा, लेखनाचं नंतर. आणि नवा फोन घ्यायच्या आधी आहे त्याच फोनला तारेचा साधा, तोंडाजवळ येणारा माइक लावून बघा, पंखा बंद करून. कवेलूच्या छपराखाली, पावसात, महामार्गावरचे ट्रक जात असताना निम्म्या चुका तेवढ्यानेच कमी होतात, आणि उरलेल्यांसाठी पुढची पानं आहेत.

साकोली, जि. भंडारा